क्लासिकल गिटार घ्यायची, तर ग्वाल्हेरचा उन्हाळा धरून

ग्वाल्हेरात ‘क्लासिकल’ हा शब्द फार पूर्वीच ख्यालाने आपल्याकडे ओढून घेतला आहे. माधव संगीत महाविद्यालय 1918 सालचं, जीवाजीगंजात हाफिज अली खाँसाहेबांच्या घराचं सरोदघर झालेलं, डिसेंबर आला की तानसेन समारोह. अशा गावात दुकानात जाऊन ‘क्लासिकल गिटार दाखवा’ म्हटलं, की समोरच्याला दोनपैकी एक गोष्ट ऐकू येते. एक तर मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची गिटार, ब्रिजभूषण काब्रा राग वाजवायचे तशी. नाहीतर ‘शिकाऊ पोरांची साधी गिटार’. दोन्ही वेळा हातात लोखंडी तारांचं वाद्य येतं. खऱ्या क्लासिकल गिटारच्या तारा नायलॉनच्या, म्हणून तोंडातून पहिला शब्द ‘नायलॉन’ निघू द्या. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

उरलेला निम्मा टेपने मिटवायचा. शिंप्याची टेप नको, सहा इंची स्टीलची फुटपट्टी आणि साधी मेजरिंग टेप खिशात असू द्या. मानेच्या वरच्या टोकाला जी पांढरी पट्टी असते, ज्यातून तारा खाली उतरतात, तो नट. त्याची रुंदी 52 मिमी असली पाहिजे, 50 पर्यंत चालेल. लोखंडी तारांच्या गिटारचा नट 43-44 मिमीचा असतो. तेवढ्यात उजव्या हाताची बोटं तारांमध्ये सुटी फिरत नाहीत. मानेवर ठोकलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा. 325 आले तर 650, म्हणजे पूर्ण मापाचं स्केल (तारेची वाजणारी लांबी). बारावा फ्रेट जिथे मान खोक्याला मिळते नेमका तिथे पडतो. फ्रेटबोर्ड सपाट असतं, लोखंडीसारखा त्याला बाक नसतो. डोक्याला दोन लांब खाचा, त्यात आडवे जाडसर प्लास्टिकचे रूळ, आणि खाली खोक्यावर चिकटवलेल्या लाकडी पट्टीला, म्हणजे ब्रिजला, तारा गाठ मारून बांधलेल्या. खिळ्यासारख्या खुंट्या ठोकून तारा अडकवल्या असतील तर ती लोखंडीच.

आता दुकानातला नेहमीचा सल्ला. ‘भाईसाहब, लोहे के तार डलवा लो, आवाज़ खुल जाएगी.’ आवाज मोठा होतो, हे खरं. पण नायलॉनच्या सहा तारांची ओढ मिळून सुमारे 40 किलो असते, आणि लोखंडीचा हलका समजला जाणारा संचसुद्धा 70 किलोच्या वर ओढतो. तबली म्हणजे खोक्याची भोक असलेली समोरची फळी. क्लासिकलच्या तबलीखाली पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या असतात, त्या 40 किलोच्या हिशेबाने बसवलेल्या. काही आठवड्यांत ब्रिजच्या मागे तबली फुगते, ब्रिजची मागची कड उचलते, मान पुढे वाकते. बहुतेक क्लासिकल गिटारींच्या मानेत लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, नसतो. वाकलेली मान चावी फिरवून सरळ होत नाही. दुकानात नायलॉनच्या गिटारवर लोखंडी तारा चढवून टांगलेल्या दिसल्या, तर त्या दुकानात कव्हर घ्या आणि गिटार दुसरीकडून घ्या.

वाद्यात पैसे कुठे टाकायचे, याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेसने देऊन ठेवलं आहे. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार आणि आतली पंखारचना मुख्यतः त्याच्या हातून पक्की झाली. 1862 मध्ये त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या, तबली मात्र चांगल्या स्प्रूसची. आवाज तबली देते, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. म्हणून विक्रेता पाठीच्या शिसवी लाकडाचं फार कौतुक करू लागला की त्याला तबलीवर आणा. शिसवी सुंदरच असतं. स्पेनचे कारागीर ज्याला ‘इंडियन रोझवूड’ म्हणतात ते आपल्याच दक्षिणेकडचं शिसव. पण पंधरा हजारांच्या गिटारला ते प्लायवर चिकटवलेल्या पातळ पापुद्र्याइतकंच असतं.

तबली दोन लाकडांची मिळते. स्प्रूस फिक्कट, पिवळसर; सीडार तपकिरी, तांबूस. स्प्रूसचा स्वर स्वच्छ आणि नेमका, वाजवत गेलं तसा वर्षा-दोन वर्षांत मोकळा होणारा. सीडार पहिल्या दिवसापासून गोड आणि भरलेला वाटतो, पण लाकूड मऊ; नखाचा ठसासुद्धा उमटतो. गिटारसाठी सीडारची चाल 1960च्या दशकात माद्रिदच्या होसे रामिरेझ तिसऱ्याने रुजवली, त्याआधी स्प्रूसच चालायचं. घरात लहान मुलं असतील तर स्प्रूस घ्या. कानाला दोन्ही आवडले तरी.

स्प्रूस की सीडार यापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे तबली अखंड लाकडाची की प्लायची. दुकानाच्या भाषेत ‘सॉलिड टॉप’ की ‘लॅमिनेटेड’. मधल्या गोल भोकाची कड उजेडाकडे धरून पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरताना दिसल्या तर अखंड. कडेला दोन-तीन थर दिसले, किंवा कड काळ्या रंगाने रंगवून टाकली असेल, तर प्लाय समजा. भोकाभोवतीची नक्षी नखाने चाचपा. बारीक लाकडी तुकड्यांची जडण आणि छापील पट्टी यांतला फरक बोटाला कळतो.

आता ग्वाल्हेरचा प्रश्न. जगभरचे गिटारवाले सांगतात की सॉलिड टॉपच घ्या, आणि आवाजापुरतं ते बरोबर आहे. पण हा सल्ला जिथून येतो तिथे लू वाहत नाही. लाकडी वाद्याला हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ती 20 च्या आसपास घसरते, ऑगस्टात सकाळी 80 च्या वर जाते, आणि जानेवारीत बाहेर धुकं असताना आत हीटर लावून आपण खोली पुन्हा वाळवतो. अखंड तबली जेमतेम अडीच मिमी जाड. ती आडव्या बाजूने आकसते, पण खालच्या पट्ट्या तिला आकसू देत नाहीत. मग ती ब्रिजखालून किंवा फ्रेटबोर्डच्या कडेने चिरते. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून ते सहसा चिरत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली गिटार असेल, ती भिंतीवर टांगली जाणार असेल आणि घरात कुणी आर्द्रतामापक बघणार नसेल, तर प्लायची घ्या. यामाहाची सी-40 या वर्गातली सगळीकडे सापडणारी गिटार: स्प्रूसची प्लाय तबली, 650 चं स्केल, दहा हजारांच्या आगेमागे. आवाज ठीकच, पण स्वरात असते आणि दोन उन्हाळे काढते. सॉलिड टॉपसाठी साधारण पंचवीस ते चाळीस हजार लागतात. यामाहाच्या सीजी मालिकेतली 122, कॉर्डोबाची सी-5, स्पेनच्या आल्हांब्राच्या खालच्या श्रेणीतल्या गिटारी या रांगेत येतात. त्या घ्यायच्या तर हार्ड केस आणि मापकाचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा. कॉर्डोबाच्या मानेत ट्रस रॉड असतो, आपल्या हवेत तो उपयोगी पडतो. पाठ-कडाही अखंड लाकडाच्या असलेली गिटार ही वेगळीच जबाबदारी. ती पाच-सहा वर्षं वाजवणाऱ्याने घ्यावी.

खरेदीला महिना निवडता येत असेल तर जून. पाऊस पडायच्या आधीचा. जी गिटार अख्खा मे दुकानात लटकून निघाली, तिचे दोष तेव्हा वर आलेले असतात. मानेच्या कडेवरून तळहात सावकाश खाली सरकवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचली तर फ्रेटबोर्ड वाळून आकसलं आहे. भोक आणि ब्रिज यांच्यामधला तबलीचा भाग तिरप्या उजेडात पाहा, खोल बसलेला दिसतो का. मोबाईलचा कॅमेरा भोकातून आत घालून व्हिडिओ काढा आणि पट्ट्यांची टोकं सुटली आहेत का ते बघा. तबलीवर बोटाच्या पेराने हलकं टकटक करत फिरा; एखाद्या जागी फुटक्या मडक्यासारखा खर्जट आवाज आला तर तिथली पट्टी सुटली आहे. हेच वाद्य सप्टेंबरात टवटवीत दिसतं, चिरा मिटून जातात, दुकानदारालाही आठवत नाही.

याच ऋतुचक्रामुळे ॲक्शन फसवते. ॲक्शन म्हणजे फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, बाराव्या फ्रेटवर मोजायचं. जाड सहावी तार 4 मिमी, पातळ पहिली 3 मिमी, हे नेहमीचं माप. शिकणाऱ्याला 3.5 आणि 2.8 बरं पडतं. सहावी 4.5 च्या वर असेल तर बारेचे (एका बोटाने अनेक तारा दाबायचे) कॉर्ड धरताना अंगठा दुखून पोर महिन्यात गिटार सोडेल. पण कोरड्या हवेत तबली बसते, ॲक्शन खाली येते आणि तारा फ्रेटला घासून बझ करतात. पावसाळ्यात तबली फुगते आणि ॲक्शन चढते. ऑगस्टात ‘तारा फार उंच आहेत’ म्हणून सॅडल घासून घेतलं, की पुढच्या मे महिन्यात तीच गिटार झणझणायला लागते. घासलेलं सॅडल परत वाढत नाही.

सॅडल म्हणजे ब्रिजच्या खाचेत उभी असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. ती चिकटवलेली नसावी, नुसती बसवलेली असावी. तारा सैल केल्या की निघते. हिशेब सोपा आहे: बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा असेल तर सॅडल एक मिमी घासायचं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. आधी पेन्सिलने रेघ मारा. काचेवर 220 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तळाची बाजू घासा, वरची नाही. तळ सपाट राहिला पाहिजे. तो गोलाकार झाला तर काही तारा दबक्या वाजतात. ब्रिजच्या वर निदान 2 मिमी सॅडल उरलं पाहिजे. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे दोन सॅडल ठेवणं: उन्हाळ्याचं किंचित उंच, पावसाळ्याचं किंचित बुटकं. केसच्या कप्प्यात पडलेलं दुसरं सॅडल काही खात नाही.

नटही तपासा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरली की पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर तारेखाली कागद जाईल इतकीच फट हवी. मोठी फट असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर स्वर चढे येतात, आणि सुरुवातीचे सगळे धडे तिथेच असतात. मानेचा बाक पाहायला सहावी तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, मध्ये सहाव्याच्या आसपास बघा. पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट चांगली. त्यात आगपेटीची काडी जात असेल तर ती गिटार परत खुंटीला टांगा.

मग प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत, एकेक स्वर. सहा गुणिले बारा, बहात्तर स्वर. पाच मिनिटांचं काम. दुकानदार कंटाळतो, कंटाळू द्या. एखादा स्वर ठो करून लगेच मरतो का, एखादा शेजाऱ्यांपेक्षा फुगतो का, एवढंच ऐकायचं. थोडा फरक प्रत्येक गिटारीत असतो.

सुराच्या बाबतीत ग्वाल्हेरकराची एक खास अडचण होते. ज्या घरात तंबोरा लागतो तिथल्या कानाला गिटारचा गंधार चढा वाटतो. वाटतो कसला, असतोच. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून 386 सेंटवर बसतो, आणि फ्रेट ठोकलेल्या गिटारीत तो 400 वर असतो (एका अर्ध्या स्वराचे 100 सेंट). चौदा सेंटांचा हा फरक बारा सारख्या भागांच्या सप्तकाचा आहे. लाखाच्या गिटारीतही तो तेवढाच राहणार. मेजर कॉर्ड वाजवून ‘ही बेसूर आहे’ म्हणून चांगली गिटार नाकारू नका, आणि कानाला गोड लागेपर्यंत एखादी तार उतरवूही नका; दुसऱ्या कॉर्डात ती रडेल. तारा ट्यूनरने, ए हा स्वर 440 हर्ट्झचा धरून लावा. खरी परीक्षा अशी: बाराव्या फ्रेटच्या वर तारेला नुसता स्पर्श करून घंटेसारखा हार्मोनिक काढा, मग तीच तार तिथेच हलक्या हाताने दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्हींत पाच सेंटांपर्यंत फरक असेल तर चालेल. दहाच्या वर असेल तर आधी तारा बदलून मागा, कारण जुनं नायलॉन एकसारखं जाड राहत नाही आणि खोटं वाजतं. नव्या तारांवरही दहा सेंट आले तर दोष सॅडलच्या जागेत किंवा फ्रेटमध्ये आहे.

मुलांसाठी मापाचा प्रश्न पालक नको तितका ताणतात, ‘वाढत्या अंगाचं घेऊ’ म्हणून. शाळेच्या गणवेशाला ते ठीक. 650 च्या स्केलवर पहिला फ्रेट नटपासून साडेछत्तीस मिमीवर असतो, 580 च्या पाऊण मापावर साडेबत्तीस. चार बोटं चार फ्रेटवर पसरायची असतात, तेव्हा हे चार मिमी प्रत्येक फ्रेटला लागतात. साधारण पाच ते सात वर्षांना अर्धी, आठ ते अकराला पाऊण, पुढे पूर्ण. वयापेक्षा हात बघा: मूल बसून गिटार धरतं आणि पहिल्या फ्रेटवर बोट ठेवतं तेव्हा डाव्या हाताचं कोपर वाकलेलं राहिलं पाहिजे. मुलाला लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीत परीक्षा द्यायची असेल तर सरांना आधी विचारा, क्लासिकलची की अकूस्टिकची. दोन्हींचे अभ्यासक्रम वेगळे आहेत आणि गिटारही.

पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारं यंत्र) बसवलेल्या, मानेशी खोका कापलेल्या गिटारी पहिल्या खरेदीत नकोत. त्याच किमतीत लाकूड उतरलेलं असतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दुकानांत नायलॉनच्या एक-दोनच गिटारी लटकलेल्या असतात, त्याही बहुधा स्वस्तातल्या. सॉलिड टॉप हातात घेऊन निवडायची तर दिल्ली गाठा. शताब्दीने साडेतीन तास, आणि दर्यागंजात वाद्यांची दुकानं शेजारी-शेजारी आहेत. एकाच मॉडेलच्या तीन गिटारी मागून वाजवा. तिन्ही वेगळ्या निघतात. ऑनलाइन मागवली तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, पण मे-जूनमध्ये ट्रकमधून तापून आलेलं खोकं लगेच फोडू नका. खोलीत रात्रभर तसंच राहू द्या. वरची सगळी तपासणी परतीची मुदत संपायच्या आत करा, बहात्तर स्वरांसकट.

जुनी घेताना एक जास्तीचं काम: ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय. नीट चिकटवलेली जुनी चीर मात्र फार मोठा दोष नाही, भाव उतरवायला उपयोगी.

घरी आल्यावर आधी आर्द्रतामापक. स्वस्तातला डिजिटल चालतो, पण तो खोटं बोलतो का ते पाहा. एका झाकणात मीठ घेऊन त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मापकासोबत झिपच्या पिशवीत हवाबंद करून बारा तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 69 आला तर पुढे नेहमी सहा मिळवून वाचा. मापक केसमध्ये ठेवायचा, खोलीत नाही. उन्हाळ्यात साबणाच्या प्लास्टिक डबीला भोकं पाडून आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, डबी केसमध्ये गिटारच्या डोक्याशी. मे महिन्यात तो तीन-चार दिवसांत वाळतो. पाणी ठिबकता कामा नये. कूलरसमोर गिटार ठेवून ‘ओलावा मिळतोय’ असं समजणारे आहेत. कूलर चालू असताना ती भिजते, बंद झाला की तडकते, आणि हे रोज चालतं. पावसाळ्यात डबीच्या जागी सिलिका जेलच्या पुड्या.

तारा बदलताना एकेक बदला, सगळ्या एकदम काढू नका. नवं नायलॉन चार-पाच दिवस ताणतच राहतं, त्यात गिटारचा दोष नाही. ब्रिजशी जाड तारांना एक वेढा पुरतो. पातळ तीन तारांना दोन-तीन वेढे हवेत, आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबला गेला पाहिजे. पहिली तार सगळ्यात गुळगुळीत. एकाच वेढ्यावर सोडली तर ट्यून करताना सटकते आणि तिचं टोक चाबकासारखं तबलीवर बसतं. सीडार असेल तर तिथे कायमची खोक पडते. गाठ मारताना ब्रिजच्या मागे एक पुठ्ठा ठेवा, आणि तो पहिले दोन दिवस तिथेच राहू द्या.